कोणता हिरो खरा

गवती चहाचा वास आला की अंबरनाथचं ते घर आठवतं, जिथे मी स्वयंपाकाला जायचे. फॅक्टरीतून रिटायर झालेले साहेब आणि त्यांचे मित्र दर रविवारी जुने काळे-पांढरे इंग्रजी सिनेमे लावायचे आणि हिरोंवरून भांडायचे. मी दारात उभी राहून बघायचे. भाषा कळायची नाही, म्हणून हिरोंच्या हातांकडे बघायचे. एका रविवारी लागलेल्या दोन्ही सिनेमांत हिरोची बायको वारली होती. साहेब म्हणाले, "माझा हिरो काय रडला! तुझा म्हणजे नुसतं लाकूड." मित्र म्हणाले, "लाकूड तुझं डोकं! ताईंनाच विचार." मी चौथी शिकलेली; ते मला हसले असते, तर मी पुन्हा त्या दारात उभी राहिले नसते. तरी बोलले, "न रडलेला खरा वाटला. त्याने सवयीने दोन कप काढले आणि एक परत ठेवला. आमचे हे गेले तेव्हा माझंही तसंच व्हायचं." कोणी हसलं नाही. साहेबांनी उठून खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "ताई, पुढच्या रविवारपासून इथे बसायचं." हल्ली सिनेमा बघताना नात माझ्यावर वैतागते, "आजी, किती बोलतेस गं, ऐकू दे ना!" तिचं ते ओरडणं मला फार आवडतं.