पट्टी सोडायचा कार्यक्रम

"हे लुगडं काढ," बाई म्हणाल्या. "आलीस तेव्हा फाटकं होतं ना अंगावर, तेच नेस."

मी दवाखान्याच्या खाटेवर बसलेली. लोणावळ्याचा धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला हुता, दोनी डोळ्यांवर पट्टी. आमची ठाकरवाडी पवनेच्या वरच्या अंगाला. पट्टी सुटायची म्हणून लेकीनं तितनं माजं एकुलतं चांगलं लुगडं आणून नेसवलेलं.

"का वो बाई?" मी इचारलं.

बाई दवाखान्याच्या कमिटीवरच्या. माज्याशी बोलल्याच न्हाईत. बरूबरच्या बाईला म्हणाल्या, "फोटोत गरीब दिसायला नको? असं बघून देणगी कोण देईल?"

दोघी हसल्या. पट्टी डोळ्यांवर हुती, कानांवर न्हाई. पर आंधळं माणूस ह्यांना भिंतीवानी वाटतं. मी उमर घालवली ह्यांच्या बंगल्यांवर लाकडाच्या मोळ्या टाकण्यात. डोळे हुते तवाबी ह्या असंच बोलायच्या.

लुगडं बदललं. डोळा त्यांच्या हातात हुता.

डाक्तर आदल्या दिवशीच पट्टी सोडणार हुते. पर दवाखान्याला देणगी देणारे मुंबईचे शेठ रविवारी बंगल्यावर येत्यात. त्यांच्या सोयीनं माजी सकाळ व्हायची. तवर बाईंनी माज्याकडनं घोकून घेतलं. पट्टी सुटली की शेठजींच्या पाया पडायचं. म्हणायचं, "तुमच्या रूपात देव दिसला."

दवाखान्याच्या अंगणात मांडव. शेठ अंधारावर लय येळ बोलले. अंधार मी भोगलेला, बोलायचे ते. मग डाक्तरांनी पट्टी सैल केली आन शेवटचा येढा शेठच्या हातात दिला.

उजेड आला. भगभगीत. त्यात गोरा, गुबगुबीत हात, बोटांत अंगठ्या. मी त्यांच्याकडं बघत हुते. ते फोटोवाल्याकडं.

"पाया पड," बाई कानाशी पुटपुटल्या.

माजी मान खाली जायला लागलीबी हुती. जल्मभर गेली तशी. मधीच थांबली. ह्या माणसाला माजं तोंडसुदिक बघायचं न्हाई, मग मी ह्याचे पाय कशापायी बघू?

"मोतीबिंदू डाक्तरांनी काढला," मी म्हणाले. "तुमी निस्ती पट्टी वढली. मला देव दिसला न्हाई. माणूस दिसला, त्योबी धुरकट."

शेठ हसत ऱ्हायले. तोंड फोटोसाठी लावलेलं, लगेच कसं उतरवणार?

मी डाक्तरांना हात जोडले. लेकीला दोरीपल्याड उभी केली हुती, तिचा आवाज धरून चालत गेले.

मागनं बाई आल्या. दातओठ खात म्हणाल्या, "माजलीस. दुसऱ्या डोळ्याला इथंच यायचंय ना?"

व्हय. हितंच येणार. एकली न्हाई, वाडीवरची समदी अधू माणसं घिऊन येणार. पाया कुणी पडणार न्हाई. हाकललं तर फाटकात बसू. जो येईल त्याला सांगू, ह्या दवाखान्यात धर्माच्या नावाखाली काय मागत्यात.