अंजनाकाकूंचा शब्द

मार्गासनीच्या आग-बचाव पथकाच्या प्रमुख म्हणजे अंजनाकाकू. एरवी पिठाची गिरणी चालवतात. पण वणवा पेटला, गाय विहिरीत पडली, की गिरणी बंद आणि काकू चालू! पथकातल्या प्रत्येकाच्या घरचं बारसं, आजारपण, पोरांच्या परीक्षा त्यांना तोंडपाठ. "पाईप फाटला तर नवा येतो. मानूस रुसला तर कुठनं आनायचा?" असं त्यांचं म्हणणं.

आणि पथकातला एक माणूस असाच सुटण्याच्या बेतात होता! टँकरचा ड्रायव्हर गोरख साखरपुड्यापासून घरच्या प्रत्येक कार्यातून उठून आगीमागे पळालेला. त्याच्या बायकोनं, सोनियानं, बजावलं होतं, "डोहाळजेवनातनं उठलात, तर पथक सुटलं म्हनून समजा." काकूंनीच मग तिला शब्द दिला, "त्या दिशी आभाळ पेटलं तरी गोरखला हाक मारनार न्हाई."

नेमकी डोहाळजेवणाच्याच दुपारी रखमाजीच्या गवताची गंजी पेटली. काकू स्वतःच टँकर घेऊन निघाल्या. गाडीनं दोन उड्या मारल्या आणि चढावर, थेट सोनियाच्या मांडवासमोर, बंद पडली. वर भोंगा अडकला, तो थांबेचना.

फुलांचे दागिने ल्यालेली सोनिया पाटावर, शेजारी फेटेवाला गोरख. तो अर्धा उठला.

"बस खाली!" काकू खिडकीतून ओरडल्या. "शब्द दिलाय म्या!"

गाडी पुन्हा करकरली. सोनियाला हसू आवरेना. "काकू, ग्येर टाकताय का उसाचा रस काढताय? आन ह्यांचे पाय बघा की, पाटावर बसून क्लच दाबत्यात!"

मांडव खदखदला.

"जावा आता," सोनिया गोरखला म्हणाली. "शब्द मला दिलेला. म्याच सोडला."

"आदी तिला घास भरव," काकूंनी फर्मावलं. "त्याबिगर गाडीत घेनार न्हाई."

गोरखनं घाईत अख्खी पुरणपोळीच कोंबली. सोनियानं गाल फुगवून हातानंच 'पळा' म्हटलं.

अर्धी गंजी वाचली. पथक काळ्याठिक्कर तोंडांनी मांडवात परतलं, तर बायका गाणी थांबवून वाट बघत होत्या. काकू लगेच पथकातल्या पोरांना वाढायला धावल्या. सोनियानं हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"आमचे ह्ये पथक सोडनार न्हाईत. पर पुढच्या येळी घरात काय असलं, तर आदी मला इचारायचं."

"इचारीन गं बाई."

"आन मला?" गोरख म्हणाला.

"तुमी इचारायला घरी असता कुठं?" सोनिया म्हणाली, आणि काकूंना ठसकाच लागला.