शुक्रवारचा मेल

जुन्या नोकरीच्या गोष्टी सांगायला मला आवडतं. उंदराने केबल कुरतडली तेव्हाची, भर मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तेव्हाची — या दोन तर मित्रांना पाठ झाल्यात. वैशालीच्या पोर्टलची मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणतो, पोरगी हुशार होती हो, पण प्रोग्रॅममध्ये काहीतरी राहून गेलं होतं. राहून गेलं होतं? काही राहून गेलं नव्हतं.

थांबा. आधी मी कोण होतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सातपूरला आमची डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवणारी कंपनी. घरचा फुलांचा धंदा सोडून नव्वदच्या दशकात मी तिथे कॉम्प्युटर विभागात लागलो. पहिला कॉम्प्युटर खोक्यातून काढला तो मी, पहिली इंटरनेटची वायर ओढली तीही मीच. सगळे मला 'सर्व्हरवाले भाऊ' म्हणायचे. कुणाला कामासाठी नवीन मशीन हवं असलं की त्याने अर्ज लिहायचा, साहेबाची सही घ्यायची आणि माझ्यापुढे आणून ठेवायचा. मी तो टेबलावरच्या तारेत खोचायचो. मग चार दिवस, कधी आठ दिवस. माणूस दोन फेऱ्या मारायचा, कॅन्टीनमध्ये चहा पाजायचा, द्राक्षांच्या दिवसांत कुणी पेटीही आणायचा. काम मी करायचोच, अडवणूक नाही केली कधी. पण — कसं सांगू — त्या फेऱ्या मला हव्या असायच्या.

दोन हजार आठच्या आसपास व्हर्च्युअल मशीन आली. म्हणजे एकच दणकट सर्व्हर आणि त्याच्या पोटात दहा-वीस कॉम्प्युटर. हात लावायला काही नाही, पण वापरणाऱ्याला वाटतं आपलं स्वतंत्र मशीन आहे. एका बंगल्यात दहा भाडेकरू राहावेत तसं. अर्ज मात्र तसेच चालू होते. तार तीच, चहाही तोच.

आणि वैशाली आली. लासलगावची. वडील मार्केट यार्डात लिलावाच्या पावत्या लिहायचे. वय तेवीस-चोवीस. माझ्याच हाताखाली लागली, मला सर म्हणायची. एरवी बोलणं अगदी शहरी, पण काही जमलं की गावाकडचं तोंडात यायचं, 'सर, लय भारी झालं!' मी तिला सगळं शिकवलं. हे खरंच शिकवलं, यात खोट नाही. वर्षभरात तिने स्वतःच्या डोक्याने एक पोर्टल बांधलं. वेबपेज उघडा, किती मेमरी, किती डिस्क, किती दिवसांसाठी ते भरा, साहेब त्यांच्या जागेवरून 'मंजूर' दाबतील, आणि मशीन आपोआप तयार. मध्ये कुणी माणूस नाही. म्हणजे — मध्ये मी नाही.

तिने ते सगळ्यांना दाखवलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी पोहे मागवले होते. तिने बटण दाबलं, आणि पोहे यायच्या आधी मशीन तयार. टाळ्या. डिझाइनचे खैरनार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला भाऊ, आता तुमच्या पाया पडायला नको." सगळे हसले. मीही हसलो. पोह्यांची बशी मात्र तशीच ठेवून दिली. आणि त्या वेबपेजच्या तळाशी बारीक अक्षरात तिने काय लिहिलं असावं? 'मार्गदर्शन' — आणि पुढे माझं नाव.

मी तिच्यावर जळायचो. आडून आडून कशाला बोलू? माझ्या पोटात दुखायचं. तिचा फोन वाजला की दुखायचं, कुणी तिच्या टेबलाशी थांबलं की दुखायचं. पंधरा वर्षं मी ज्या खुर्चीत बसलो ती खुर्ची कालच्या पोरीने मला न उठवताच रिकामी केली होती. आणि ती चांगली होती, हे तर आणखीच वाईट. उद्धट असती तर भांडलो असतो. तारेत एकही अर्ज नव्हता, आणि मी ती तार रोज पुसायचो.

आता मुदतीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. पोर्टलवरच्या प्रत्येक मशीनला मुदत असायची. संपली की मशीन आपोआप पुसलं जायचं, म्हणजे जागा अडून राहत नाही. त्याआधी एक इशाऱ्याचा मेल यायचा. पण आमच्या कंपनीत मेल वाचतंय कोण? अख्ख्या डिझाइन विभागाला मिळून एकच मेल आयडी, तोही कुणी उघडायचं नाही. जे काही कळवायचं ते मी इंटरकॉमवर कळवायचो, पहिल्यापासून. म्हणून वैशालीने ठरवलं, इशारा सरांनाच जाऊ दे, सर फोन करतील. मेलच्या खाली एक बटण होतं, 'मुदत वाढवा'. ते फक्त मला दिलं होतं. तीन महिने मी ते काम नीट केलं.

मग तिच्या बहिणीचा साखरपुडा आला. गुरुवारी लासलगावला जाताना म्हणाली, "सर, खैरनार साहेब पुण्याला गेलेत, त्यांच्या मशीनची मुदत संपत आलीय. मेल आला की तेवढं वाढवून टाका."

शुक्रवारी सकाळी मेल आला. मी वाचला. बटण समोर होतं. कुणी भांडण केलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं, साधी सकाळ होती. माझा हात माउसवर होता. चहा आला, तो मी प्यालो. मग मी तो मेल डिलीट केला, आणि डिलीट केलेल्यांतूनही काढून टाकला.

रागाच्या भरात झालं म्हणू? राग नव्हता. विसरलो म्हणू? दिवसभर दुसरं काही डोक्यात नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला मी बॅग उचलली तेव्हाही वेळ होता.

शनिवार म्हणजे आमच्या सातपूरच्या कारखान्यांची सुट्टी, रविवारी काम. शनिवारी मशीन पुसलं गेलं. त्यात अडीच महिन्यांचं डायचं काम होतं. त्या मशीनचा बॅकअपही नव्हता, कारण टेप शिल्लक नाहीत असं सांगून तो मीच लांबवला होता. रविवारी खैरनार आले, आणि मग आरडाओरडा. मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. वैशालीच्या हातावर मेंदी होती. साहेबांनी मला विचारलं, इशारा आला होता का?

मी म्हणालो, "नाही आला."

नजरचुकीने राहिला म्हणालो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या, बस्स. पण मला ते पोर्टल बंद पडायला हवं होतं. तिच्या प्रोग्रॅमच्या नोंदीत 'पाठवला' असं होतं. पोचला की नाही, ते मेल सर्व्हरच्या नोंदीत असतं, आणि मेल सर्व्हर माझ्याकडे. तिने नोंदी मागितल्या. दर आठवड्याला पुसल्या जातात, असं मी सांगितलं. त्या मी रविवारी दुपारीच पुसल्या होत्या. तिने लगेच विश्वास ठेवला.

यापुढचं मला सगळ्यात जड जातं. तीन आठवडे ती चूक शोधत होती, आणि मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून शोधू लागायचो. ओळ न् ओळ. "सर, इथे काही गडबड असेल का?" मी चष्मा सारून बघायचो, म्हणायचो, असू शकेल. चाचणी केली की मेल यायचा. यायचाच ना. दहा वेळा केली, दहाही वेळा आला. ती रडकुंडीला यायची, म्हणायची, मग त्या दिवशीच का नाही आला? मी तिला चहा पाजायचो.

पोर्टल बंद झालं. तारेत अर्ज आले, फेऱ्या सुरू झाल्या. आणि मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं. चांगले सहा-सात महिने बरं वाटलं. तिला प्रिंटरच्या कामावर टाकलं होतं. दिवाळीनंतर तिने नोकरी सोडली.

काही वर्षांनी गंगापूर रोडला एका स्टेशनरीच्या दुकानात ती भेटली. सोबत मुलगी होती. गावात मुलांना टायपिंग शिकवते म्हणाली. प्रोग्रॅम? छे, ते मी सोडलं सर, स्वतःवर भरवसाच राहिला नाही. मग मुलीला म्हणाली, "पाया पड, हे माझे सर. सगळे ओरडत होते तेव्हा हे एकटे माझ्यासोबत बसले होते." मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

निघताना तिने हसत विचारलं, "सर, ती चूक पुढे कधी सापडली का हो?"

मी म्हणालो, "नाही गं."

मेल आला होता. शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास. मी तो पूर्ण वाचला होता.