शेळीला बाळंतिणीचा खुराक

मी मुळातच भित्री. पण त्या उन्हाळ्यात जी भीती पोटात शिरली, ती अजून पुरती निघालेली नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. डोंगरकड्याजवळच्या खेड्यात आमचं थोडं शेत आणि थोड्या शेळ्या होत्या. धाकटा भाऊ जन्मला, मायला तापानं धरलं आणि तिचं दूध आटलं. डब्याचं दूध दिलं की लेकरू ओकायचं. बाकीच्या शेळ्या आटलेल्या. नुकतीच व्यालेली एकच होती, काळी. तिच्या दुधावर ते तगून होतं.

"लेकराला हीच पाजून राहिली, तर बाळंतीण बी हीच," माय म्हणाली, आणि घरात शेळीचं बाळंतपण सुरू झालं. मायला बघायला येणाऱ्या बायका शेळीसाठी पदरातून ज्वारी-बाजरी आणायच्या. माय अंगात ताप असताना चुलीपाशी बसून ज्वारीच्या कण्या शिजवायची, वर गूळ घालायची. कडबा मात्र बंद. "वल्या बाळंतिणीला असं खरबरीत काहून द्यायचं? पोटात टोचंल."

"आता तिला बाजेवर निजवा अन् खाली शेगडी ठेवा," चुलती म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

थोड्याच दिवसांत दूध पातळ झालं. तापवलं तरी साय धरेना. लेकरू पिऊनही रडायचं. मायला त्यावर एकच उपाय ठाऊक होता, तिनं कण्या वाढवल्या.

मग एका सकाळी शेळी उठलीच नाही. पोट तट्ट झालेलं, रवंथ बंद, दात करकर वाजत होते. तोंडाला आंबूस वास येत होता. बाबा सायकलवर टांग मारून जनावरांच्या डॉक्टरला आणायला वारंगा फाट्याला गेले. मी लेकराला मांडीवर घेऊन शेळीपाशी बसले. शेळी गेली तर लेकरू जाणार, एवढं मला कळत होतं.

डॉक्टरांनी आल्या आल्या खायचा सोडा पाण्यात कालवून तिला पाजला. मग विचारलं, "खायला काय घालता?" मायनं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "बाई, बाळंतीण असली तरी ती शेळीच आहे. दाण्यानं पोटात आंबट साचलंय. दाणा एकदम बंद. ही उठली की नुसता कडबा टाका."

पुढं मी परभणीला जनावरांच्या कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा त्या कडब्याची किंमत कळली. शेळीच्या पोटातले जंतू कडब्यातले चिवट तंतू कुजवतात आणि त्यातून ॲसिटेट निघतं, शिरक्यातल्या, म्हणजे व्हिनेगरातल्या आंबटाचंच भावंड. त्यावर तिच्या पेशी चालतात, त्यातूनच कासेत दुधाची साय घडते. दाणा फार झाला की ते मागं पडतं आणि दुसरंच जहाल आम्ल पोटात साचतं. एवढ्यावर भागत नाही. पेशीच्या गाभ्यात जनुकांचा धागा काही प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांना ॲसिटेटचा तुकडा चिकटला की धागा सैल होतो आणि मिटलेलं जनुक कामाला लागतं. बाई फळ्यावर हे काढत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढं ती काळी उभी होती. मायेपोटी आम्ही कुठवर हात घातला होता!

डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेळी उभी राहिली. तिनं कडब्याचं एक पान ओढलं, नंतर जबडा आडवा हलू लागला. "रवंथ करून राहिली!" बाबा ओरडले. त्यांनी धार काढली, वाटीभर निघाली. चुलतीनं दूध उकळून आणलं आणि लेकराला मांडीवर घेतलं.

मायनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली. "त्या आंबटाचं दुधात काही उतरलं असंल तर?" असं म्हणून तिनं आधी स्वतः घोट घेतला. "मला काही झालं तर लेकराला पाजू नका."

लेकरू भुकेनं कळवळत होतं, त्याचा आवाज बसला होता. माय भिंतीला टेकून बसली, तापानं लाल झालेली, पोटावर हात ठेवून. मी तिच्या समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मी डोळे मिटले तर ती जाईल असं मला वाटत होतं. ऊन उंबऱ्याच्या आत आलं तरी ती तशीच होती. शेवटी तिनं हात पुढं केले.

"आणा त्याला," माय म्हणाली, "काही झालं न्हाई मला."