मास्तरांची वाफेची इस्त्री

मास्तरांचा उभा जन्म हॉटेलच्या लॉन्ड्रीत पाहुण्यांचे कपडे इस्त्री करून त्यांच्या खोल्यांवर पोचवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी टाकीवाली, वाफेची महागडी इस्त्री आणली.

बहीण फोनवर करवादली, "दादा, चार सदऱ्यांसाठी हा पांढरा हत्ती कशाला पोसतोस?"

"घरात फुसफुसतो तरी," ते म्हणाले.

रोज सकाळी ते टाकी भरतात आणि कॉलरपासून सुरुवात करतात. सदरा गरम असतानाच हँगरला लावून बाहेर येतात, दार ओढून घेतात, तो कडीला अडकवतात, जुन्या सवयीने दोनदा टकटक करतात आणि एक पाऊल मागे सरून अदबीने उभे राहतात.

हॉटेलात आतून "आलो, आलो" ऐकू यायचं. इथे जरा वेळ थांबून मास्तर खिशातली किल्ली काढतात.