झांकीतला बुरखा

मॅडमनी माझ्या स्टोलची टाचणी स्वतःच्या हातानं काढली. विचारलं नाही. मेकअपच्या खोलीत सात-आठ मुली होत्या, दार अर्धं उघडं, बाहेर मुलं खुर्च्या लावत होती. अबोली रंगाचा स्टोल माझ्या खांद्यावर घसरला आणि मॅडम म्हणाल्या, "असा नको गं. यात तू साधी कॉलेजची पोरगी दिसते. मुसलमान दिसली पाहिजे."

मग त्यांनी पिशवीतून नाटकाच्या दुकानातून भाड्यानं आणलेला बुरखा काढला. काळा, चमकत्या सॅटिनचा, तोंडावर जाळी. आत कोणाच्या तरी घामाचा वास.

मी तो घातला.

गॅदरिंगमध्ये आमच्या वर्गाची एकात्मतेची झांकी होती. मधे भारतमाता, बाजूला नऊवारीवाली, पगडीवाला सरदार, एक आदिवासी, एक मुसलमान. वर्गात मी एकटीच मुसलमान, म्हणून मला घेतलं. आदिवासी म्हणून गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची माझी मैत्रीण. तिच्या डोक्याला मॅडमनी रंगवलेली कोंबडीची पिसं बांधली. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात असं कोणी नाई घालत." मॅडम हसल्या. "स्टेजवर लागते." मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी जाळी नीट करत राहिले.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला मला जड जातं.

मला बारावीपासून स्टोल बांधायची हौस आहे. मोबाईलवर बघून शिकले. आतली टोपी, चुंबकाची पिन, ड्रेसला जुळणारा रंग. ते मला मनापासून आवडतं. श्रद्धाही आहे. पण आरशासमोर जेवढा वेळ जातो तेवढा नमाजात जात नाही, हेही खरं. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, "तू त्या टाईपची वाटत नाई वं." मला आनंद व्हायचा. त्या टाईपची म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं. ती माझी अम्मी होती.

आम्ही घुग्घुसला राहतो. अब्बा कोळशाच्या ट्रकवर आहेत. अम्मी चौथीपर्यंत शिकली. तिचा बुरखा धुळीनं आणि धुण्यानं काळ्याचा तपकिरी झाला आहे. गॅदरिंगला पालकांना बोलावलं होतं. त्या सकाळी मी म्हटलं, "अम्मी, वो बुरखा मत पहनो ना. सब देखते."

ती थांबली. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशिवाय मोहल्ल्याबाहेर गेली नव्हती.

"तेरे को शरम आती क्या?"

"नहीं. बस, अच्छा नहीं दिखता."

तिनं वाद घातला नाही. मी तिला माझा निळा स्टोल बांधला, चार पिना लावल्या. चंद्रपूरपर्यंत बसमध्ये ती दोन्ही हातांनी ओढणी छातीवर धरून बसली. खिडकीकडे तोंड करून. मी मात्र खूश होते. आता कोणी विचारलं तर बिनधास्त सांगता येणार होतं, ही माझी आई.

दुपारी पडदा उघडला. मागच्या रांगांतून पोरं ओरडली, "अवं, तोंड तं दाखव!" शिट्ट्या वाजल्या. शिकवल्याप्रमाणे मी कमरेत वाकून आदाब केला. आमच्या घरी असा आदाब कोणी करत नाही. जाळीतून तिसऱ्या रांगेत अम्मी दिसली. ती मान उंच करून मला शोधत होती. भारतमातेकडे पाहिलं, नऊवारीवालीकडे पाहिलं. माझ्यावरून तिची नजर दोनदा गेली. थांबली नाही.

पडदा पडल्यावर ती मला शोधत मागे आली. मी बुरखा डोक्यावरून काढत होते. ती दारातच उभी राहिली.

"ये तू थी?"

मी मान हलवली.

"मेरा वाला खराब था, और ये अच्छा था?"

आवाज चढवला नाही तिनं. मी बुरख्याची घडी करून पिशवीत ठेवला.

झांकीचा पहिला नंबर आला. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी मॅडमनी मला आणि मैत्रिणीला बोलावलं. स्टाफरूममध्ये आणखी दोन सर बसले होते.

"मॅडम, मी नाही येणार."

"काऊन? चार मिनिटांचं तर काम आहे."

"तो बुरखा मी घालणार नाही. लोक आमच्यावर हसतात."

"अगं, नाटक आहे ते. आणि आत कोण उभं आहे, कोणाले कळते? तू नाई तर दुसरीले उभी करीन."

सर हसले. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही.

"दुसरीला पण नका करू, मॅडम. माझ्या जागी कोणालाच नका करू."

मैत्रीण म्हणाली, "पिसं पण नाई."

तेवढंच बोललो आम्ही. मग लायब्ररीत बसून प्राचार्यांना अर्ज लिहिला, दोघींनी सही केली. अजून उत्तर नाही. मॅडम आता हजेरीला माझं नाव घेताना वर बघत नाहीत.

मुली मला हिंमतवाली म्हणतात. ते ऐकून मला लाज वाटते. मॅडमनी माझ्या डोक्यावरचा कपडा काढला, त्याच दिवशी सकाळी मी माझ्या आईच्या अंगावरचा काढला होता. मॅडमनी विचारलं तरी नव्हतं. मी विचारून काढला, लाडीगोडी लावून काढला. मॅडम माझ्या कोण लागतात? मी तर तिची मुलगी होते.

अम्मीची माफी मागितली. ती "ठीक है" म्हणाली आणि भात वाढला. ठीक झालेलं नाही. ते झालं असं मी स्वतःला सांगणार नाही.

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. अम्मी म्हणते, अब्बाला ने. फॉर्मवर मी तिचंच नाव लिहिलं आहे. ती येईल किंवा येणार नाही, ते तिचं ती ठरवेल. पण कसं दिसून यायचं हे तिला आता कोणी सांगणार नाही. मी तर नाहीच.