बांधावरची गलोल

कासू गावाजवळ खाडीच्या बांधावर एक म्हातारा दोन नातींना गलोलीने उंदीर मारायला शिकवत होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. जिने उंदीर टिपला, तिनेच चिखलाने बीळ बुजवून वर टाच दाबून बघायचं, हा त्याचा नियम. मी पेणला शिक्षक आहे, असं सांगून त्याला म्हणालो, "एवढ्या लहान मुलींना जीव घ्यायला शिकवता?"

त्याने मानही वळवली नाही. "मास्तर, या बिळातनं भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं तं दोन वर्सं भात नाय. तुमच्या घरी नाय होत उंदीर?"

"होतात. औषध ठेवतो."

"पोरांना दाखवून?"

त्याने गलोल धाकटीच्या हातात दिली.

"मार गो. मास्तरांना बघू दे."